दोष आढळला नाही

तक्रारवहीत वैमानिकाचं तिरपं अक्षर:
'तीस हजार फुटांवर डावा पडदा दोनदा मिटला.
आपणच उघडला.'
खाली आदल्या पाळीचं, सुवाच्य:
'जमिनीवर तपासले. दोष आढळला नाही.'

हे वाक्य एकतीस वर्षं वाचतोय मी.
खोटं नसतं ते.
दवाखान्याच्या पायरीवर दाढसुद्धा दुखायची थांबते.

लोहगावच्या हँगरमध्ये पहिल्या दिवशी
तांबोळींनी मला विमानाला हात लावू दिला नाही.
एक कनेक्टर दिला, मुठीएवढा,
एकशे अठ्ठावीस पिनांचा.
म्हणाले, मोज.
मी एकशे सत्तावीस मोजल्या.
परत मोज.
एकशे अठ्ठावीस.
'आता सांग, मघाशी कुठली सुटली होती?'
मला अजून माहीत नाही.

त्याआधीचं शिक्षण खडकी बाजारात,
वडिलांच्या रेडिओदुरुस्तीच्या टपरीत,
राळेच्या धुरात डोळे चोळत.
गिऱ्हाईक सेटला चापट मारायचं, सेट गायला लागायचा.
वडील म्हणायचे,
हा दुरुस्त झालेला नाही, घाबरलाय.

सातव्या वर्षी आरसा हरवला.
दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला, लांब दांड्याचा.
हत्यारांच्या फळीवर त्याची रंगवलेली सावली होती, तो नव्हता.
विमान जागेवर, पाळी जागेवर, दारं बंद.
धानोरीत त्या संध्याकाळी माझ्या मुलीचं बारसं,
नाव माझ्याशिवाय ठरलं.
पहाटे चारला आरसा सापडला
माझ्याच डांगरीच्या फाटक्या खिशातून अस्तरात उतरलेला.
मी सांगितलं. वहीत लिहिलं. माझं नाव, वेळ.
तांबोळी काही बोलले नाहीत,
सुईदोरा आणून दिला.
शिव.

आता काचेची केबिन आहे.
पाटीवर: व्यवस्थापक, ॲव्हिऑनिक्स.
आई शेवटपर्यंत सांगायची, पोरगा विमानात वायरमन आहे.
तेच बरोबर होतं, तेव्हा तरी.
आता मी सुट्या भागांचे खोके
कस्टममध्ये कुठे अडकलेत ते शोधतो,
रजा कापतो, आखाताला निघालेल्या पोरांना
अजून सहा महिने थांबा म्हणतो,
आणि सही करतो.
हाताला ना राळ, ना पेट्रोलचा वास.
सहीला मात्र वजन आलंय,
रात्री दोनला जाग येते तेव्हा कळतं किती.

आज गव्हाणे आली केबिनमध्ये. चोवीस वर्षांची,
दार न वाजवता.
'सर, वर उणे चाळीस असतं.
आपण इथे पुण्याच्या उन्हात तपासतोय.'
तिच्या हातात गारठ्याचा फवारा.

पॅनेलमागे ती सरपटत गेली.
मीही निघालो होतो, गुडघ्याने नकार दिला.
मग टॉर्च धरला. तीस वर्षांनी, शिकाऊ पोरासारखा.
तिने फवारा मारला, कनेक्टरवर दव पांढरं झालं,
तिने तार किंचित हलवली
आणि पडदा मिटला.
आम्ही दोघं ओरडलो.
पडदा बिघडला म्हणून इतका आनंद
दुसऱ्या कुठल्या धंद्यात होत नसेल.

पिन क्रमांक एकाहत्तर. केसभर मागे सरकलेली.
ती बसवून गव्हाणेने उरलेल्या मोजल्या,
कुणी न सांगता, दोनदा.
मी विचारलं नाही किती भरल्या.

सव्वापाचला विमान वर गेलं.
धावपट्टीकडेच्या टिटव्या उठल्या, शिव्या देत परत बसल्या.

विश्रांतवाडीच्या सिग्नलवर क्लच दाबताना कळ आली.
घरी सुमेधाने नेहमीचं विचारलं,
काय रे, ठीक?
'काही नाही' तोंडावर आलं होतं,
सुवाच्य, सवयीचं.
एक बूट काढला होता, दुसरा हातात.
म्हटलं, डावा गुडघा.
जिन्यावर दुखतो. खाली आलो की थांबतो.
कधीपासून?
दोन वर्षं असतील.
ती समोर मोड्यावर बसली.
म्हणाली, चढून दाखव.